टाकीचं झाकण

आण्णांनी माझ्या नवऱ्याचा उजवा हात मनगटाला धरला, वर उचलला आणि नाकाशी नेऊन हुंगला. अंकलीच्या पुलाच्या अलीकडं, भर रस्त्यात, टळटळीत दुपारी. आमची मॉरिस मायनर कडेला बंद पडून उभी होती. मागं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, आणि पहिल्या गाडीवरचा गाडीवान बिडी तोंडातच ठेवून आमच्याकडं बघत होता. एक हात हुंगून झाल्यावर आण्णांनी दुसरा हात पुढं करायला सांगितला. भरतेशांनी तोही केला.

"पेट्रोलचा वास न्हाई," आण्णा म्हणाले. "धुतलेला दिसतोय."

मी बॉनेटपाशी उभी होते, हातात पाना होता. तो मी जन्मदात्याच्या अंगावर फेकला नाही, एवढाच काय तो आईनं केलेला संस्कार त्या दिवशी कामाला आला. भरतेशांनी दोन्ही हात खाली घेतले, पाठीमागं बांधले आणि नदीकडं तोंड करून उभे राहिले. ते काही बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं. त्यांचं हे गप्प बसणंच मला त्या काळात सगळ्यात जास्त जाळायचं.

आता आण्णा नाहीत, ती गाडीही नाही. पण हा प्रसंग आठवला की अजून माझे कान तापतात.

आण्णा म्हणजे माझे वडील, बाबगोंडा मगदूम. जयसिंगपुरात त्यांचं ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आसपासच्या गावांत कुणाच्या मळ्यावरचं इंजिन रुसलं की माणूस आधी देवाला नारळ बोलायचा आणि मग आण्णांकडं यायचा. मॉरिस त्यांनी मिरजेच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. गाडी विलायतेत बनलेली, वयानं माझ्याहून थोरली आणि स्वभावानं आमच्या मोठ्या आत्यासारखी. तिला वेळेवर सगळं हातात लागायचं आणि नाही मिळालं की ती जागची हलायची नाही.

आण्णांना मुलगा झाला नाही. त्याचं दुःख त्यांनी उगाळलं नाही, मला बॉनेटखाली उभं केलं. बाकीच्या मुली रांगोळ्या शिकत होत्या तेव्हा मी पॉइंट घासायला आणि प्लगमधली फट पात्यानं मोजायला शिकले. या गाडीचा पेट्रोलपंप विजेवर चालतो आणि चालताना टकटक वाजतो. ती टकटक ऐकून पंपाची तब्येत सांगायला मला आण्णांनीच शिकवलं. बंद पडलेल्या गाडीला तीनच प्रश्न विचारायचे, असं ते म्हणायचे. ठिणगी हाय का, पेट्रोल येतंय का, हवा मिळतीया का. चौथा प्रश्न विचारतो तो मिस्त्री न्हवं, ज्योतिषी.

लग्न होऊन मी निपाणीला गेले आणि दोन-तीन वर्षांत आई वारली. तेरावं झाल्यावर आण्णा आपल्या पायांनी निपाणीला आले. भरतेशांची तिथं एका कारखान्यात सुपरवायझरची पक्की नोकरी होती. आण्णा त्यांना म्हणाले, दुकान तुमचंच हाय, एकटा जीव मी, या आणि सांभाळा. भरतेशांच्या घरच्यांना घरजावई हा शब्द मुळीच पचला नाही. तरी भरतेश आले. म्हातारा माणूस घरी चालत येऊन मागतोय त्याला नाही कसं म्हणायचं, एवढंच ते म्हणाले. हा माणूस असाच होता, कुणालाही नाही म्हणता यायचं नाही. माझं त्याच्या बरोबर उलट. माझा राग आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा.

आम्ही आलो तेव्हा घराच्या पडवीत मॉरिस उभी असायची. त्या जागी आमच्यासाठी खोली बांधली आणि गाडीसाठी बोळात नवी पत्र्याची शेड घातली. आण्णांनी स्वतः उभं राहून तिची फरशी करून घेतली, गाडी धुतल्यावर पाणी मागं निघून जावं म्हणून चांगला उतार देऊन. भरतेश गाडी घेऊन गावोगाव पिस्टन, रिंगा, बेअरिंगं पोचवायला जाऊ लागले. संध्याकाळी गाडी दारात आली की आण्णा काचेतून पेट्रोलचा काटा बघायचे. मग भरतेश ती शेडमध्ये लावायचे. सकाळी पूजा झाली की आण्णा शेडमध्ये जाऊन, किल्ली फिरवून परत काटा बघायचे. आणि सकाळचा काटा रात्रीच्या काट्यापेक्षा खाली असायचा.

पहिल्यांदा ते नुसते पुटपुटले. मग आल्या-गेल्यासमोर बोलू लागले. आजकाल पेट्रोल हवेत उडतंय वाटतं आमच्या घरात. जावई आला आणि पेट्रोल कमी व्हायला लागलं, एवढंच त्यांना दिसत होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं झालं होतं. पण कावळा घरातला असला की कुणी फांदी तपासत नाही.

मग एक दिवस त्यांनी टाकीचं जुनं झाकण काढलं आणि सांगलीच्या एका लेथवाल्याकडून पितळेचं नवं झाकण करून आणलं. कुलपाचं. आतून जाड रबरी वायसर बसवलेलं आणि असं घट्ट, की लावल्यावर पेट्रोलचा वास यायचाही बंद झाला. आण्णांना त्याचं भारी कौतुक. मुंगी शिरायची न्हाई, असं सगळ्यांना दाखवत सुटले. आमच्याकडच्या जुन्या माणसांसारखी त्यांना किल्ली जानव्याला बांधायची सवय होती. तिजोरीच्या किल्लीशेजारी आता ही नवी किल्ली आली. पेट्रोल भरायचं तर आण्णांना पंपावर घेऊन जायचं आणि त्यांनी सदऱ्यात हात घालून जानवं ओढायचं, असा कार्यक्रम सुरू झाला. भरतेश त्या वेळी गाडीतून उतरून लांब जाऊन उभे राहायचे.

कुलूप लागलं तरी सकाळचा काटा खालीच. आणि त्यात भर म्हणून गाडी वाटेत बंद पडायला लागली. निघताना एकदम ठणठणीत. गाव सोडून चांगली वाटेला लागली की आचके द्यायची आणि थांबायची. थोडा वेळ उभी ठेवली की आपोआप सुरू. आण्णांनी दोन्ही गोष्टींची मोट बांधली. त्यांचं म्हणणं असं, की वरून कुलूप लागलं म्हणून जावई आता खालून पाइप सोडून पेट्रोल काढतोय आणि तो पाइप नीट बसवत नाही म्हणून गाडी बंद पडतीय. ऐकणाऱ्याला पटावं असंच ते बोलायचे. इंजिनातलं कळणारा माणूस खोटं बोलायला लागला की ते खोटंही धडधडीत चालतं.

त्याच सुमाराला भरतेशांचा निपाणीचा एक मित्र घरी आला. अथणीकडच्या एका साखर कारखान्यात वर्कशॉपला भरवशाचा माणूस हवा होता. राहायला घर मिळणार होतं, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. आण्णांनी स्वतः त्याला चहा आणून दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

आणि मग तो पुलावरचा प्रकार झाला.

त्या दिवशी घरी आल्यावर भरतेशांनी हात धुतले नाहीत. खोलीत कॉटवर बसून राहिले. मग म्हणाले, "सुलू, मी अथणीला जातो. तुला आण्णांना सोडून यायचं नसेल तर मी जोर करणार नाही."

"येणार की," मी म्हटलं. "पण असं नाही. तुम्ही या घरातून चोर म्हणून बाहेर पडायचं नाही."

तशीच उठले आणि सोप्यात आण्णांपुढं जाऊन उभी राहिले. ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. मी त्यांना सरळ विचारलं. यांनी चोरी केलेली नाही हे मी दाखवून दिलं, तर ते तुम्ही तोंडानं म्हणणार का? आण्णांनी अडकित्ता खाली ठेवला.

"दाखव की," ते म्हणाले. "चार माणसांत म्हणतो. मगदुमाचा शब्द हाय."

आमच्या मॉरिसवर काम करायचा तानाजी मिस्त्री. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या गॅरेजात गेले आणि गाडी बंद पडायला लागल्यापासून त्यानं काय काय केलं ते विचारलं. बिचाऱ्याला वाटलं मी जाब विचारायला आलेय. आधी त्यानं पॉइंट बदलले, मग कंडेन्सर, मग कॉइल. मग पंप उघडून साफ केला, मग कार्बोरेटर खोलला. दर वेळी गाडी त्याच्या हाताखाली झकास चालली आणि दर वेळी चार दिवसांनी बंद पडली. "ताई, मला तर ही करणीच वाटतीया," तो म्हणाला.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. पाच वेगळ्या भागांना हात लावला आणि पाचही वेळा गाडी बरी झाली. असं कसं होईल? रोग एक आणि औषधं पाच, आणि प्रत्येकानं गुण. मग सगळ्या वेळी सारखं असं त्यानं काय केलं होतं? मी उलट्या पावली परत गेले आणि एवढंच विचारलं. काम सुरू करायच्या आधी पहिल्यांदा तू काय करतोस? त्याला हसू आलं. पेट्रोल येतंय का बघायला पंपाचा पाइप सोडतो की, म्हणाला, ते तर सगळेच करतात.

मी भरतेशांना दुकानातून उठवलं. गाडी काढली आणि शिरोळच्या रस्त्याला लागलो. मीच चालवत होते. अपेक्षेप्रमाणे गाडीनं आचके दिले आणि ती थांबली. बॉनेट उघडलं. पंपाची टकटक बंद होती. पॉइंटला हात लावला नाही, प्लगला लावला नाही. फक्त टाकीकडून येणारा पाइप पंपापाशी सैल केला. आणि त्या पाइपानं हवा आत ओढली. पेट्रोल बाहेर यायचं सोडून हवा आत. मी बोट लावलं तर बोट ओढलं गेलं.

क्षणभर मी तशीच बोट लावून उभी राहिले. टाकीतून पेट्रोल जात होतं, पण त्याच्या जागी हवा यायला वाट नव्हती. जुन्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक होतं. पितळेच्या त्या मुंगी न शिरणाऱ्या झाकणाला नव्हतं. गाडी चालत राहिली की टाकीचा श्वास कोंडायचा, पंप ओढून ओढून थकायचा आणि थांबायचा; उभी राहिली की कुठल्यातरी बारीक फटीतून थोडी हवा झिरपायची आणि ती परत सुरू व्हायची. तानाजीनं पाइप सोडला की हवा आत जायची आणि तो हात लावेल त्या भागाला गुण आल्यासारखं वाटायचं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

मी ते भरतेशांना सांगितलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते म्हणाले, "आण्णांना वाईट वाटेल."

त्या दिवशी मी त्यांच्यावर जेवढी ओरडले, तेवढी आयुष्यात कधी ओरडले नसेन. रस्त्याकडेला शेंगा उपटणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या.

त्यानंतरच्या रविवारी आण्णांना बाहुबलीला दर्शनाला जायचं होतं. आम्ही तिघं निघालो. मी चालवत होते, शेजारी आण्णा, मागं भरतेश. दानोळीच्या पुढं गाडी थांबली. आण्णांनी लगेच मान मागं वळवली आणि भरतेशांकडं बघितलं. मी म्हटलं, मागं बघू नका, खाली उतरा आणि टाकीचं झाकण उघडा.

ते नाही म्हणाले. झाकणाचा काय संबंध, आधी खालचा पाइप बघ, असं म्हणाले. मी हटले नाही. उघडत नसाल तर या पान्यानं ते झाकण फोडीन, मी म्हणाले, आणि फोडलंही असतं. मग ते उतरले. सदऱ्यात हात घातला, जानवं ओढलं, वाकून किल्ली लावली. झाकण फिरलं तशी टाकीनं लांब, मोठी हवा ओढली. फुस्स असा आवाज रस्त्यापलीकडं ऐकू गेला असेल. पुढं बॉनेटखाली पंप टकटक करायला लागला. मी किल्ली फिरवली, गाडी एका दमात सुरू झाली.

मी खाली उतरले आणि आण्णांच्या तोंडाकडं बघितलं. त्या चेहऱ्यासाठी मी आठवडाभर जगले होते. पण तिथं काही नव्हतं. ते झाकण हातात घेऊन, वायसरवर अंगठा फिरवत उभे होते.

"बरं," ते म्हणाले. "भोक पाडून घेऊ. पण रात्रीत पेट्रोल कुठं जातंय त्याचं सांग."

बाहुबलीला मी देवापुढं हात जोडले, पण मन जाग्यावर नव्हतं. येताना गाडी झाकण सैल ठेवून आणली आणि ती एकदाही थांबली नाही. त्यानं माझा संताप वाढलाच. गाडी खरं बोलत होती आणि माझा बाप ऐकत नव्हता. घरासमोर आण्णा आणि भरतेश उतरले. शेडमध्ये गाडी लावायचं काम रोज भरतेशांचं, जागा अरुंद म्हणून ते मान वळवून भिंत बघत बघत लावायचे. त्या दिवशी मी लावली. रागात क्लच तसाच सोडला, इंजिन गचका देऊन बंद पडलं आणि किल्ली चालूच राहिली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. डोकं वर केलं तेव्हा समोर काटा दिसला. दारात अर्ध्याच्या वर होता. आता अर्ध्याच्या चांगलाच खाली होता.

मला आधी कळेना. मग मी दार उघडून पायाखालची फरशी बघितली. उतार. पाणी मागं निघून जावं म्हणून दिलेला तो चांगला उतार. टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जात होतं आणि काटा हलवणारा तरंगता गोळा दुसऱ्या बाजूला राहत होता. पेट्रोल कुठंही जात नव्हतं. ते रोज रात्री टाकीतच, नुसतं एका कुशीवर झोपत होतं.

मी आण्णांना हाक मारली. ते आले. त्यांना गाडीत बसवलं, काटा दाखवला आणि भरतेशांना म्हटलं, लावा जोर. आम्ही दोघांनी गाडी ढकलून बोळातल्या सपाट जागेवर काढली. काटा वर आला. परत आत सोडली. काटा खाली गेला. मी आणखी एकदा करायला लावलं. आण्णा आत बसून तो काटा बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. स्टिअरिंगला धरलेला त्यांचा हात मांडीवर येऊन पडला. मग म्हणाले, "हे मला ठाऊक न्हवतं."

मी दाराला धरून उभी होते. खरोखर काहीतरी नवं कळलेला माणूस कसा दिसतो ते मी समोर बघत होते. मग सकाळी दानोळीजवळ झाकण उघडल्यावर हा माणूस असा का दिसला नव्हता? बंद गाडीला तीन प्रश्न विचारायला मला शिकवणारा माणूस. टाकीला हवा लागते हे ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

"झाकणाचं तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

आण्णा गाडीतून उतरले. चष्मा काढून धोतराला पुसायला लागले. भरतेश मला म्हणाले, सुलू, पुरे आता. मी पुरे करणार नव्हते. मी परत तेच म्हटलं.

"पेट्रोल भरताना उघडलं तवाच कळलं," आण्णा म्हणाले. "हवा ओढली त्यानं. न कळायला मी काय किराणा दुकानदार हाय?"

"मग गप्प का बसलात? तानाजीला पाच भाग का खोलू दिलेत?"

"चोरी तर करतोयच असं वाटत हुतं मला. खरंच वाटत हुतं. म्हटलं गाडी बंद पडायचा दोषबी त्याच्याच माथी बसला तर बसू दे."

"आणि पुलावर हात हुंगलात ते?"

त्यांनी भरतेशांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. "ते तुला दिसावं म्हणून," ते म्हणाले. "अथणीचं ऐकलं मी. नवऱ्यामागं बायको कुठंबी जाती. चोरामागं जाईल का, एवढंच बघायचं हुतं. तू गेलीस तर मला कोण हाय?"

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक आठवतं. मी म्हणाले, आण्णा, मला एकट्याला राहवत न्हाई, एवढं एक वाक्य तुम्ही तोंडानं बोलला असता, तर मी जन्मभर या घरातून हलले नसते. ते मागायला तुम्हाला लाज वाटली, आणि माझ्या नवऱ्याला चोर ठरवायला वाटली नाही. माझा संसार मोडायला वाटली नाही.

आण्णा खाली फरशीवर बसले. एवढा उंच माणूस, शेडच्या उतारावर बसला आणि लहान दिसायला लागला. मला कणव आली नाही. यायला हवी होती असं पुढं मला अनेकांनी सांगितलं. ती आली भरतेशांना. ते आण्णांच्या शेजारी टेकले आणि म्हणाले, "आण्णा, झालं ते झालं. मी अथणीला नाही म्हणून कळवतो. आपण इथंच राहू."

आण्णांनी मान वर केली. त्या डोळ्यांत जी आशा आली ती बघून माझा उरलासुरला धीर संपला. यांना क्षमा इतकी स्वस्तात मिळणार होती. ज्याच्यावर आळ आला तो पुसून टाकायला तयार होता, त्यामुळं तो आळ झालाच नव्हता असं होणार होतं.

"तुम्ही राहा," मी नवऱ्याला म्हटलं. "मी अथणीला जाते. घर मिळणार आहे ना तिथं? कारखाना मला नोकरी देवो न देवो, मी त्या गावात राहीन. या घरात मी आता पाणी पिणार नाही."

भरतेशांनी माझ्याकडं बघितलं. मग उठले आणि ट्रंक काढायला आत गेले. आमच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी कुणाला तरी नाही म्हटलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

आम्ही निघालो त्या सकाळी आण्णा म्हणाले, गाडीतून सोडतो. भोक पाडून घेतलेलं झाकण लावून, मॉरिस धुऊन पुसून त्यांनी दारात आणून ठेवली होती. मी नको म्हटलं. टांगा केला. टांगा कोपऱ्यावर वळला तेव्हा मागं बघितलं, तर आण्णा धोतराचा सोगा धरून, भराभर चालत येत होते.

एस.टी. स्टँडवर गर्दी होती. अथणीची गाडी लागली होती. भरतेश ट्रंक वर चढवत होते. कंडक्टर दाराशी तिकिटं फाडत होता. पानपट्टीवाला, दुकानात येणारे एकदोन शेतकरी, शाळेचे मास्तर, सगळे ओळखीचेच. आण्णा धापा टाकत आले. दम घेण्यासाठी थांबलेही नाहीत.

"मंडळी, जरा ऐका," ते म्हणाले, तसे लोक वळले. "हे माझे जावई. यांच्यावर मी चोरीचा आळ घेतला. तो खोटा हुता. दोष गाडीला मी लावला आणि नाव यांचं घेतलं."

कुणाला काही समजलं नाही. पानपट्टीवाल्यानं पान लावायचं थांबवलं. मास्तर उगाचच मान हलवत राहिले. पण आण्णांनी शब्द पाळला होता. चार माणसांत, मोठ्या आवाजात, मगदुमानं म्हटलं होतं. ज्या वाक्यासाठी मी एवढी जिद्द केली, ते मी स्पष्ट ऐकलं. माझा राग होता तिथंच राहिला, केसभरही हलला नाही.

भरतेश ट्रंक ठेवून खाली उतरले आणि सरळ आण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. आण्णांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पाठीवरून फिरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसतही नव्हते. मग ते माझ्याकडं वळले.

माझ्या पायांशी दोन पिशव्या होत्या. मी वाकले. मी पाया पडतेय असं आण्णांना वाटलं असावं. त्यांनी हात पुढं केला, माझ्या डोक्यावर यावा असा, आणि तसाच धरून ठेवला. मी दोन्ही पिशव्या उचलल्या, त्या हाताच्या बाजूनं गेले आणि एस.टी.त चढले.